रिजेक्ट मॅडमची ज्वारी

आमच्या कंपनीत त्यांना सगळे रिजेक्ट मॅडम म्हणत. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती, पण त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला तर दाट संशय आहे की ते नाव त्यांना आवडतही असावं. वाळूजच्या त्या कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग बनायचे. मॅडम क्वालिटीच्या प्रमुख आणि मी प्रॉडक्शनला. म्हणजे माल मी बनवायचा आणि खोट त्यांनी काढायची, असा आमचा रोजचा व्यवहार. त्यातून दोस्ती कशी झाली हे मला आजही नीट सांगता येणार नाही. भांडता भांडता माणसाची सवय लागते, तसं काहीतरी झालं असेल.

त्यांच्या टेबलावर तीन रंगांच्या चिठ्ठ्या असत. हिरवी म्हणजे पास, लाल म्हणजे रिजेक्ट, आणि पिवळी म्हणजे होल्ड. होल्ड म्हणजे निर्णय झालेला नाही, तोवर मालाला कुणी हात लावायचा नाही. महिनाअखेरीला डिस्पॅचची गाडी गेटवर उभी, मालक केबिनच्या काचेतून बघतायत, आणि मॅडम निवांतपणे माझ्या मालावर पिवळी चिठ्ठी लावतायत, हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलंय की आजही पिवळा कागद दिसला की माझं डोकं फिरतं.

"मॅडम, चालतंय हो एवढं," मी म्हणायचो.

"चालतंय म्हणजे पास का नापास?"

"म्हणजे... चालतंय."

"मग मी पण चालले, जेवायला. मला कळत नाही तोवर मी हो म्हणणार नाही आणि नाही पण म्हणणार नाही. घाई तुम्हाला आहे, मला नाही."

दसऱ्याला आमच्याकडे मशिनींची पूजा असते. झेंडूच्या माळा, नारळ, पेढे, प्रत्येक यंत्राला हळदकुंकू. एका वर्षी हौशी पोरांनी मोजमापाच्या गेजलाही बोट भरून कुंकू लावलं. मॅडमनी सगळ्यांसमोर ते गेज पुसलं, मोठ्या ट्रेमध्ये ठेवलं आणि त्यावर लाल चिठ्ठी चिकटवली. म्हणाल्या, "कुंकवाचा थर बसला की माप बदलतं. ह्याला नुसते हात जोडा. देवाला चालतं, मला चालत नाही." युनियनचा पुढारी दोन दिवस धुसफुसत होता. मॅडमवर काही परिणाम नाही. त्यांचे मिस्टर शेंद्र्याला दुसऱ्या कंपनीत होते, फार गोड माणूस. ते म्हणायचे, "हिच्या हातून एकाच झटक्यात पास झालेला माल म्हणजे मी. त्याचा तिला पस्तावा होत असणार."

पाखरांचं मला कळलं ते अशाच एका भांडणातून. माझा अख्खा लॉट त्यांनी अडवला होता आणि मी तणतणत त्यांना शोधत कॅन्टीनच्या मागे गेलो. तिथे कंपाउंडच्या भिंतीशी मॅडम उलट्या क्रेटवर बसून दुर्बिणीतून पलीकडच्या रिकाम्या प्लॉटमधलं गवत बघत होत्या. मांडीवर डबा उघडा, भाकरी तशीच.

"मॅडम, माझा लॉट—"

"आधी बसा. हे काय आहे सांगा."

दुर्बीण माझ्या हातात आली. मी पाहिलं आणि म्हणालो, "चिमणी."

"काय काय बघून म्हणालात?"

"लहान आहे. मातकट आहे."

"मातकट तर तुम्ही पण आहात. तुम्हाला चिमणी म्हणू का?"

मग त्यांनी मला त्यांची पद्धत शिकवली. आधी काय नाही ते सांगायचं. चोच बघा, चिमणीपेक्षा जाड आणि राखाडी, म्हणजे चिमणी बाद. शेपटी लांब आहे. शेपटीच्या कडांना पांढरं दिसतंय का? नाही, म्हणजे भारीटांच्या बऱ्याच जाती बाद. आता शेपटीखाली बघा, पिवळसर झाक. म्हणजे काळ्या डोक्याचा भारीट, नाहीतर लाल डोक्याचा. नर असता तर लांबूनच सांगितलं असतं. पण ही मादी आहे.

"मग कुठल्या जातीची?"

"होल्ड," मॅडम म्हणाल्या आणि भाकरीचा तुकडा मोडला.

भारीट म्हणजे हिवाळी पाहुणा. काळ्या डोक्याचे इराण, तुर्कस्थानकडून येतात, लाल डोक्याचे अफगाणिस्तानच्या पलीकडून. दिवाळीच्या आगेमागे आपल्या शिवारात उतरतात, ज्वारीवर हिवाळा काढतात आणि मार्चमध्ये परत जातात. नराचा खरा थाट ऐन निघायच्या वेळी दिसतो, पोट हळदीसारखं पिवळं होतं आणि डोकं काळंभोर. दोन्हींच्या माद्या मात्र इतक्या सारख्या असतात की जाणकारही चकतात. पुस्तकात नराचं चित्र मोठं, मादी कोपऱ्यात, आणि खाली लिहिलेलं असतं, 'मादी फिकट'. त्या शब्दावर मॅडमचा भयंकर राग. "फिकट हे काय वर्णन झालं? कशापेक्षा फिकट? हजारो कोस उडून ती पण आलीय ना? मग तिला एक ओळ तरी नीट लिहा."

शहरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपमध्ये त्या काही दिवस होत्या. तिथे एकाने मातकट मादीचा फोटो टाकला आणि खाली ठोकून दिलं, लाल डोक्याचा भारीट, आपल्या भागातली दुर्मिळ नोंद. टाळ्यांचा पाऊस पडला. मॅडमनी खाली एकच शब्द लिहिला, होल्ड. तो बिचारा चिडून म्हणाला, "मॅडम, अ‍ॅपनेच सांगितलंय." यांनी लिहिलं, "अ‍ॅपला खात्री किती आहे ते विचारा. मग तेवढ्या खात्रीचा ब्रेक बसवून घाटातून गाडी खाली आणून दाखवा." दुसऱ्या दिवशी त्यांना ग्रुपमधून काढलं. कॅन्टीनमध्ये त्यांनी मला ही बातमी अशी सांगितली जशी काही बढती मिळाली होती.

एकदा एका शाळेने त्यांना पक्ष्यांवर बोलायला बोलावलं. मीही गेलो होतो, गाडी माझी होती म्हणून. गुरुजींनी सुरुवातीलाच मुलांना सांगून टाकलं, पक्षी हे शेतकऱ्याचे मित्र असतात, ते किडे खातात. मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी ज्या पाखराबद्दल सांगणार आहे ते इथं हिवाळाभर तुमच्या बापाची ज्वारी खातं. मित्रबित्र काही नाही. फायदा शून्य." गुरुजी खोकले. एका मुलीने विचारलं, "मग त्याला हाकलायचं नाही का?" मॅडम म्हणाल्या, "तू वर्गात बसतेस त्याचा मला काय फायदा आहे? तरी बस. तुझी जागा आहे ती." परत येताना मी म्हणालो की थोडं गोड बोलला असता तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गाडी चालवण्यात लक्ष घातलं.

आता हे सगळं विक्षिप्तपणाचं वाटेल, आणि आहेच. पण 'तुझी जागा आहे ती' हे वाक्य कुठून आलं ते मला पुढे समजलं.

मॅडम मूळच्या गंगापूरकडच्या. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर भावाबरोबर त्यांचंही नाव लागलं. आमच्याकडे त्याच्यापुढचं सगळं ठरलेलं असतं. भाऊ दिवाळीला बहिणीला साडी घेतो, पोटभर जेवू घालतो आणि एक दिवस तालुक्याला नेऊन हक्कसोडीवर सही घेतो. बहीण सही करते, कारण जमीन गेली तरी चालेल, माहेर तुटायला नको. मॅडमच्या आत्यांनी तेच केलं, मावश्यांनी तेच केलं. धाकटा भाऊ बापू यांना जीपमध्ये बसवून घेऊन गेला तेव्हा यांनी तो कागद पहिल्या शब्दापासून वाचला. मग बापूला म्हणाल्या, "ह्याच्यात लिवलंय की मी राजीखुशीनं सोडते. मी राजी नाय आन् खुशी बी नाय. खोट्या कागदावर मी सही करत नसते."

बापूला आधी ती थट्टाच वाटली. पण वाटणी झाली आणि मॅडमच्या वाट्याला नाल्याकडेचं एक एकर आलं. त्यांनी ते विकलं असतं, प्लॉट पाडले असते, तर गावाने शिव्या देऊन का होईना समजून घेतलं असतं. यांनी त्यात ज्वारी पेरली आणि राखण ठेवली नाही. दाणा भरला की भारीटांचे थवे उतरायचे आणि मॅडम रविवारी बजाजनगरच्या घरून शेअर जीपने जाऊन बांधावर बसून ते बघायच्या. उरेल ती ज्वारी घरी न्यायच्या. बहिणीने वाटा घेतला आणि पाखरांना घातला, हे पारावर बापूला रोज ऐकावं लागायचं. मला बापूचीही दया येते. त्याची घरच्या भाकरीपुरती आणि कडब्यापुरती ज्वारी बहिणीच्या एकराला लागूनच होती, आणि पाखराला बांध कळत नाही.

मॅडमचं त्यावर उत्तर तयार असायचं. "पाखरं वाढली नाहीत, ज्वारी घटली. आमच्या लहानपणी सगळं शिवार ज्वारीचं. थवा इथं थोडं, तिथं थोडं खायचा, कुणाला फार लागत नव्हतं. आता ऊस आणि कापूस सोडून कुणी काही पेरत नाही. मग त्यांनी जायचं कुठं? ती उरलेल्या चार वावरांत येणारच. मी एक एकर त्यांच्यासाठी पेरते म्हणजे बापूवरचा भार कमीच करते." हा हिशेब बरोबर होता की नाही हे मला माहीत नाही. बापूला तो अजिबात पटत नव्हता.

मग जानेवारीतल्या एका रविवारी मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. लांबूनच काहीतरी चमकताना दिसलं. दोन्ही वावरांच्या मधल्या बांधावर काठ्या रोवून मासे धरायची बारीक नायलॉनची जाळी ताणली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्यात पाखरं अडकली होती. काही फडफडत होती, काही लटकली होती. मी आयुष्यात पहिल्यांदा मॅडमना पळताना पाहिलं.

त्यांनी पर्समधून कात्री काढली आणि जाळी कापायला सुरुवात केली. एक पाखरू मुठीत धरायचं, पंखातला दोरा कापायचा, हात उघडायचा. मीही खिशातल्या किल्लीने दोरे तोडत होतो आणि मला काही जमत नव्हतं. गवत, पाखरं, दोरे, सगळं एकात एक गुंतलं होतं. थोड्या वेळाने एक मादी त्यांच्या हातात आली, जिवंत, धडधाकट. मी म्हणालो, "मॅडम, बघा की. आता तर हातात आहे. कुठली जात ते कळेल." त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. हात उघडला आणि म्हणाल्या, "अडकलेलीला नाव विचारतात का?"

तोवर बापू धावत आला होता. मागून त्याची बायको, हातात विळा. गवत कापता कापता आली असावी.

"आक्का, जाळीला हात लावू नको! रोख पैसे घातलेत मी तिच्यात!"

"बापू, मेली रं ही. बघ, मेली."

"मरू दे! चिमण्याच हायेत. माझी लेकरं काय खातील? तुला काय कमी केलं व्हतं मी? दर दिवाळीला साडी नाय घेतली? गावात तोंड दाखवायला जागा नाय ठेवली तू. पाखरं चारायला वाटा घेतला व्हय?"

"वाटा माझा हाय म्हणून घेतला. त्याच्यात मी पाखरं चारंल, नायतर दगडं पेरंल. माझ्या बांधावर तू जाळी लावायची नाय."

"मग ह्या घरात पाय ठेवायचा नाय! भाऊ मेला समज!"

मॅडम रडत होत्या. हे मी मुद्दाम सांगतो, कारण कंपनीत कुणाचा विश्वास बसला नसता. नाक वाहत होतं, पुसायला हात मोकळे नव्हते, आणि कात्री थांबत नव्हती. "नाय ठेवत पाय," त्या म्हणाल्या. "पण जाळी परत लावशील तर परत कापीन. दर ऐतवारी येऊन कापीन. जिंदगीभर येईन."

बापूची बायको एवढा वेळ नवऱ्याच्या मागे उभी होती. मग ती दुसऱ्या टोकाला गेली आणि विळ्याने जाळी कापायला लागली.

"ए! तुला काय झालं?" बापू ओरडला.

ती मान वर न करता म्हणाली, "मी केली व्हती सही. माझ्या भावांनी म्हणलं, कर, मी केली. मला कुणी इचारलं बी नाय." आणि तिने काठी उपटून बाजूला टाकली. बापूने आम्हा तिघांकडे पाहिलं आणि तो तिथून निघून गेला.

परतीच्या जीपमध्ये मी मॅडमना म्हणालो की जाळी लावून पाखरं धरणं गुन्हा आहे, तक्रार केली तर बापू वठणीवर येईल. त्या म्हणाल्या, "तो माझा भाऊ आहे. चुकलेला आहे, पण रिजेक्ट केलेला नाही."

त्यानंतर जाळी लागली नाही, आणि घराचं दारही उघडलं नाही. उन्हाळ्यात बापूच्या घरचं एक लग्न झालं, मॅडमना पत्रिका नव्हती. पुढच्या पेरणीला गावातला एकही ट्रॅक्टरवाला त्यांच्या वावरात यायला तयार होईना. त्यांनी लासूरहून एक ट्रॅक्टर आणला, दुप्पट भाड्याने, आणि परत ज्वारीच पेरली. मी म्हणालो, "मॅडम, निदान एक वर्ष दुसरं काहीतरी लावा. वातावरण निवळू द्या." त्या म्हणाल्या, "एक वर्ष ती येतील आणि इथं काही नसेल. त्यांना मी काय सांगू, वातावरण निवळतंय?"

मग भाऊबीज आली. मॅडमचे मिस्टर त्यांच्या बहिणीकडे फर्दापूरला गेले होते. मला बहीण नाही, त्यामुळे तो दिवस मला नेहमीच रिकामा जातो. सकाळीच फोन आला, "वावरात जायचंय. येता का?" त्यांनी नवी साडी नेसली होती, मांडीवर कापडात बांधलेलं ताट होतं.

ज्वारी गुडघ्याएवढी झाली होती. नाल्याच्या बाभळीवर त्या हंगामातला पहिला थवा येऊन बसला होता, सगळी मातकट, गडबड करत. लांब, आपल्या वावरात, बापू विहिरीच्या मोटारीपाशी उघड्या डोक्याने उभा होता. त्याने आम्हाला पाहिलं आणि पाठ फिरवली. मॅडम बांधावर बसल्या. त्यांचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी पाखरं बघत होतो.

तेवढ्यात सरीतून बापूची बायको आली, डोक्यावर दुरडी. भाकरी, भाजी, करंज्या. आमच्यासमोर मांडायला लागली.

मॅडम घाबरून म्हणाल्या, "अगं, तो काय म्हणंल?"

"घरात पाय ठेवू नको म्हणले व्हते ते," ती म्हणाली. "वावरात जेवू नको असं नाय म्हणले. जेवा, आक्का."

मॅडम हसल्या आणि रडल्या, दोन्ही एकदमच. मग त्यांनी कापड सोडलं. ताटात निरांजन होतं, सुपारी, कुंकू, अक्षता. वारा होता, भावजयीने पदराचा आडोसा केला तेव्हा वात पेटली. मॅडम ताट घेऊन बांधावर उभ्या राहिल्या आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "बापू! वाटा सोडणार नाय मी! आन् ओवाळायचं बी सोडणार नाय! येतोस का हितूनच ओवाळू?"

थवा भर्रकन उडाला. बापू वळला, पण जागचा हलला नाही.

मॅडमनी तिथूनच ओवाळायला सुरुवात केली. मधे त्यांची ज्वारी, मधे बांध, मधे त्याची ज्वारी, आणि त्या शांतपणे ताट फिरवत होत्या. बापू बघत राहिला. मग त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि डोक्यावर घेतला.